पत, ऋण आणि हप्ता

मराठी भाषेंत पैशाच्या देवघेवीसंबंधीं जे शब्द आहेत त्यांची वांटणी ज्या कोणी केली असेल तो मनुष्य मोठा चतुर असला पाहिजे. आमच्यासारख्या पगारदार गृहस्थानें घरासाठीं बँकेकडून तीस लाख रुपये घेतले, तर शेजारीपाजारी म्हणतात, ‘त्यांची पत आहे.’ एखाद्या भूमिहीन बाईनें शेळ्यांसाठीं तीस हजार घेतले, तर तेच शेजारी म्हणतात, ‘ती कर्जांत आहे.’ व्यवहार एकच; परंतु एकाच्या वांट्यास त्यानें प्रतिष्ठा येते आणि दुसऱ्याच्या वांट्यास कीव. गेल्या पन्नास वर्षांत सूक्ष्म पतपुरवठा या नांवानें जो उद्योग जगभर पसरला, त्याची मूळ प्रतिज्ञा या भेदावरच घाव घालण्याची होती. गरिबालाही पत आहे. ती सातबाराच्या उताऱ्यावर नसून त्याच्या शब्दांत आहे. ती ओळखली तर दारिद्र्य हटेल, अशी ती प्रतिज्ञा. ती कितपत खरी ठरली, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकवीत असतां तीस वर्षें आमच्यासमोर येत आहे. पण तो केवळ वर्गांतला नाहीं, घरांतलाही आहे, हें पुढें दिसून येईल.

महाराष्ट्राला ऋणाचा इतिहास नवा नाहीं. देहूच्या तुकारामबुवांच्या घराण्यांत महाजनकी होती आणि दुष्काळ ओसरल्यावर बुवांनीं आपल्या वांट्याचे रोखे इंद्रायणींत बुडविले, अशी परंपरा आहे. संताला जें डोहांत साधलें तें कुणब्यांस साधण्यासाठीं अग्नीचें साहाय्य घ्यावें लागलें. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले आणि तें लोण आसपासच्या गांवांत पसरलें. त्या दंग्यांतील ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट ही कीं, लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. रोखे मिळाले, जळाले, कीं जमाव शांत होई. सरकारनें आयोग नेमला आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला. पुढील दशकांत विल्यम वेडरबर्न यांनीं पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढण्याची योजना मांडली. ती विलायतेच्या दप्तरांत विरली. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि आतां सावकाराचे दिवस भरले असें सुशिक्षितांस वाटूं लागलें. त्यानंतर पन्नास वर्षांनीं, १९५४ सालीं, ग्रामीण पतपाहणीचा जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत शेतकऱ्याच्या शंभर रुपयांच्या कर्जांतील सुमारें सत्तर रुपये सावकाराचे आणि जेमतेम तीन सहकारी संस्थांचे, असा हिशेब निघाला. कारण उघड होतें. पतसंस्थाही तारण म्हणून जमीनच मागे, आणि ज्याला जमीन नाहीं तो तिच्या उंबऱ्याबाहेरच राही. स्त्रियांची तर गोष्टच नको. त्यांच्या नांवावर जमीन नव्हती आणि पुष्कळदां नांवही नवऱ्याच्या नांवाआड असे.

ही कोंडी फोडण्याचें श्रेय जगानें ज्याला दिलें तो मनुष्य आमच्याच पेशांतला. चितगांव विद्यापीठांत अर्थशास्त्राचे अध्यापक असलेले मुहम्मद युनूस १९७६ सालीं विद्यापीठाशेजारच्या जोब्रा गांवीं हिंडत असतां त्यांस बांबूचीं मोढेवजा आसनें विणणाऱ्या बाया भेटल्या. बांबूसाठीं त्या व्यापाऱ्याकडून पैसे घेत आणि तयार माल त्याच व्यापाऱ्यास त्यानें ठरविलेल्या किंमतीनें देत. दिवसभराच्या श्रमाचे चार पैसेही पदरांत पडत नसत. अशा बेचाळीस जणांचें एकंदर देणें निघालें अवघे ८५६ टका. ही रक्कम त्यांनीं स्वतःच्या खिशांतून दिली. १९८३ सालीं ग्रामीण बँक स्थापन झाली आणि २००६ सालीं त्या बँकेस व युनूस यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. पद्धत मोठी साधी होती. जमिनीचें तारण मागावयाचें नाहीं; पांच-पांच जणींचा गट करावयाचा; आठवड्यास एकदां ठरल्या ठिकाणीं बैठक; हप्ता लहान, पण तो लगेच सुरू; आणि गटांतील एकीनें चुकविलें तर इतरांचें पुढील कर्ज अडावयाचें. परतफेड अशी चोख होऊं लागली कीं मोठ्या उद्योगपतींचीं बुडीत कर्जें उजळणाऱ्या बँकांनीं तोंडांत बोट घालावें.

तारण नव्हतें असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. तारण होतेंच, फक्त तें दिसणारें नव्हतें. तें काय होतें हें आम्हांस ग्रंथांत जितकें स्पष्ट दिसलें नाहीं, तितकें तें आमच्या स्वयंपाकघरांत दिसलें.

आमच्या घरीं गेलीं बारा वर्षें धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी शहरालगतच्या खेड्यांतून एस.टी.नें येतात. नवरा मिळेल त्या दिवशीं मजुरीस जातो. दारांत दोन शेळ्या आहेत आणि डोक्यावर तीन कंपन्यांचें कर्ज. मावशींचे आठवड्याचे वार देवांच्या नांवें ओळखले जात नाहींत. मंगळवार एका कंपनीचा, गुरुवार दुसरीचा आणि महिन्याची दहा तारीख तिसरीची. एका सोमवारीं हातांतलें काम संपल्यावर त्या आमच्या मंडळींपाशीं घुटमळत उभ्या राहिल्या. ‘वहिनी, सातशे रुपये द्या. पगारांत कापून घ्या. उद्यां वसुलीचे सर येनार हायेत.’ मंडळी म्हणाल्या, ‘तुमचा हप्ता तर मागल्याच महिन्यांत फिटला ना?’ त्यावर मावशी म्हणाल्या, ‘माझा न्हाय, शेजारनीचा हाय. ती परवाच बाळंत झालीया. पर पैसं पुरं झाल्याबिगर सर कुणालाबी उठू देत न्हाईत. समद्यांचाच रोज बुडतो.’

पैसे अर्थातच दिले गेले. परंतु तें वाक्य आमच्या मनांतून गेलें नाहीं. बाळंतिणीच्या घरीं शेजारणीनें चार पैसे नेऊन देणें यांत नवल तें काय? खेड्यापाड्यांत तो धर्मच आहे. नवल हें होतें कीं, तो धर्म कोणीतरी अगोदरच हिशेबांत धरून ठेवला होता. बाळंतिणीला तिखामिठाला म्हणून गेले असते ते सातशे रुपये वसुलीच्या पावतींत जमा झाले, आणि मावशींच्या तोंडून शेजारणीविषयीं मायेच्या शब्दाबरोबर एक कुरकुरही निघाली, जी पूर्वीं आम्हीं कधीं ऐकली नव्हती. शेतकऱ्याच्या रोख्यांत जमीन गहाण पडे. येथें शेजारधर्म गहाण पडला होता.

याच मावशींची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही एकतर्फी साक्ष दिल्यासारखें होईल. मुलीला डेंग्यू झाला तेव्हां दवाखान्यासाठीं वीस हजार याच एका कंपनीनें चार दिवसांत दिले. त्यापूर्वीं गरज पडली कीं गांवांतला एक सावकार शेकडा दहा दरमहा या दरानें पैसे देत असे, म्हणजे वर्षाला मुद्दलाहून व्याज अधिक. बँकेच्या दारांत, मावशींच्याच शब्दांत सांगावयाचें तर, ‘कुनी बस म्हनत न्हाय.’ कंपनीचा मनुष्य दुचाकीवरून घरीं येतो, नांवानें हाक मारतो, कागद स्वतः भरतो. ज्याच्या दारीं कोणीच येत नाहीं त्याला वसुलीसाठीं का होईना, कोणी येतें याचेंही अप्रूप असतें.

आतां दराचा हिशेब पाहूं. कारण व्याज ही गोष्ट ऐकण्याची नसून मांडण्याची आहे. समजा, दहा हजार रुपये दिले आणि दोनशें तीस रुपयांचे पन्नास आठवडी हप्ते ठरविले. एकूण फेड साडेअकरा हजार. तोंडी सांगावयाचें तर व्याज पंधरा टक्के. परंतु पहिल्या आठवड्यापासूनच मुद्दल परत जाऊं लागतें. वर्षभराची सरासरी काढली तर बाईच्या हातांत पांच हजारांच्या आसपासच रक्कम असते. त्या हिशेबानें खरा दर तीस टक्क्यांच्या घरांत जातो. यांतला कांहीं भाग निव्वळ नफा असेल, पण कांहीं भाग त्या दुचाकीच्या पेट्रोलाचा आणि पगाराचाही आहे. तीस लाखांचें एक कर्ज वसूल करण्यास जितका खर्च येतो त्याहून तीस हजारांचीं शंभर कर्जें वसूल करण्यास कितीतरी अधिक येतो, हें नाकारून चालणार नाहीं. गरिबी महाग असते असें जें म्हणतात तें असें.

मग या महागड्या पैशानें दारिद्र्य हटतें काय? याचें उत्तर भावनेनें देण्याचे दिवस आतां गेले. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनीं (बॅनर्जी यांच्या मातोश्री पूर्वाश्रमीच्या पाटणकर, ही मराठी वाचकांस सुखावणारी गोष्ट) सहकाऱ्यांसह हैदराबादच्या १०४ वस्त्यांत एक प्रयोग केला. त्यांपैकीं चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडलेल्या ५२ वस्त्यांत पतपुरवठा कंपनीनें अगोदर शाखा काढल्या आणि मग दोन्ही भागांची तुलना झाली. ज्यांचा धंदा होता त्यांनीं तो थोडा वाढविला, टिकाऊ वस्तु घेतल्या. चहा, विडी, पान यांवरचा खर्च कमीही केला. परंतु घरखर्चाचें एकंदर मान, मुलांचें शिक्षण, आरोग्य, घरांतील स्त्रीचा शब्द, यांत म्हणण्यासारखा पालट दिसला नाहीं. २०१५ सालीं हा प्रयोग आणि बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को येथील पांच प्रयोग एकत्र प्रसिद्ध झाले. सर्वांचा सूर एकच: उपयोग आहे, पण बेताचा; कायापालट नाहीं.

याहून आम्हांस अधिक बोलका वाटला तो कलकत्त्याचा एक प्रयोग. तेथें कांहीं कर्जदार बायांना रिवाजाप्रमाणें दोन आठवड्यांनीं पहिला हप्ता लावला आणि कांहींना दोन महिन्यांची मोकळीक दिली. ज्यांना मोकळीक मिळाली त्यांनीं धंद्यांत अधिक भांडवल घातलें आणि तीन वर्षांनीं त्यांचा नफाही अधिक निघाला. मात्र थकविणाऱ्यांची संख्याही त्यांच्यांतच अधिक निघाली. याचा अर्थ शेतकऱ्याच्या घरीं जन्मलेल्या कोणासही सांगावा लागणार नाहीं. शेळी दोन आठवड्यांनीं वीत नाहीं आणि कांदा दर मंगळवारीं निघत नाहीं. ज्या कर्जाचा हप्ता लगेच सुरू होतो त्यांतून मनुष्य तेंच करतो ज्यांतून पैसा लगेच फिरतो. भाजी विकतो, बांगड्या विकतो. बियाणें आणि झाडें, म्हणजे ज्यानें दारिद्र्याची कूस बदलावी तें, तसेंच राहून जातें. हप्त्याची शिस्त कर्ज वसूल करते हें खरें. पण ती जितकी कडक, तितकें तें कर्ज लंगडें.

याच विचारांत असतां, कांहीं वर्षांपूर्वीं महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरानिमित्त सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत जाण्याचा योग आला. माण हा कायम दुष्काळी मुलूख. तेथील म्हसवड गांवीं १९९७ सालीं चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानें माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायांपैकीं बऱ्याच जणींना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्या खचल्या नाहींत. अक्षरें गिरविलीं आणि पुन्हा अर्ज केला. आम्ही व्याजाचा हिशेब तोंडीं करूं, तुमच्या अधिकाऱ्यांनीं करून दाखवावा, असें त्यांनीं सुनावल्याचें चेतनाताई सांगतात. पत ही सहीवर नसून हिशेबावर आहे, हें याहून नेटकें कोणी सांगितलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आम्ही मात्र गेलों तें त्या तालुक्यांतील एका लहानशा गांवच्या बचत गटाच्या बैठकीस. बचत गटांची चळवळ ग्रामीण बँकेहून निराळी, हें येथें सांगितलें पाहिजे. नाबार्डनें १९९२ सालीं पांचशें गटांना बँकांशीं जोडून तिचा प्रयोग आरंभिला. २०२३ पर्यंत देशांत असे सव्वा कोटींहून अधिक गट झाले होते. येथें आधीं बचत, मग कर्ज. देवळाच्या सभामंडपांत बारा बाया बसल्या होत्या. प्रत्येकीनें शंभर रुपये ठेवले. दहावी झालेल्या एका सुनेनें ते वहींत मांडले. मग एक बाई उठून म्हणाली, कांद्याला भाव मिळाला नाहीं, दोन हप्ते पुढें ढकला. एका वृद्धेनें कडक हरकत घेतली, दोघी-तिघी बोलल्या, शेवटीं ठरलें कीं एक हप्ता ढकलावा, पण व्याज द्यावें. आमच्या एका विद्यार्थ्यानें पुस्तकी शंका काढली: ही बाई सबब सांगत नाहीं हें कशावरून? ती वृद्धाच म्हणाली, ‘बाबा, तिच्या रानांत कांदा कुजत पडलाय, त्यो मी सोमवारी डोळ्यांनी बघितलाय.’

सावकार व ऋणको यांच्यांतील माहितीच्या विषमतेवर आम्ही दरवर्षीं चार तासिका खर्च करतों. त्या वृद्धेनें तो धडा एका वाक्यांत संपविला. तिला सोमवारचें रान ठाऊक होतें. म्हणून ती कठोरही होऊं शकली आणि सवलतही देऊं शकली. कंपनीच्या यंत्रांत मंगळवार तेवढा ठाऊक असतो. या गटाचें अंतर्गत व्याज शेकडा दोन दरमहा होतें, म्हणजे वर्षाला चोवीस. कंपनीहून फार स्वस्त नव्हे. पण तें व्याज जात होतें कोठें? त्याच पेटींत, त्याच बारा जणींच्या नांवें. दर तोच असला तरी पैशाची वाट निराळी. आणि शेजारधर्म येथेंही कामास लागला होता; परंतु तो गहाण पडला नव्हता, वापरानें वाढत होता.

बचत गट म्हणजे स्वर्ग, असा आमचा दावा नाहीं. अनुदान मिळेपर्यंतच जगणारे गट आहेत. वही एकीच्याच हातीं राहिल्यानें फुटलेले आहेत. बायकोच्या नांवें उचललेलें कर्ज नवऱ्यानें खर्चिलें, असें तर जागोजाग आहे. शिवाय गटाची पेटी लहान. दवाखान्याचे वीस हजार तिच्यांतून निघत नाहींत, म्हणून कंपनीचें दार पुन्हा ठोठवावें लागतें.

त्या दारामागें काय चालतें यावर राज्यकर्त्यांची नजर गेली ती मोठी किंमत मोजून. २०१० सालीं आंध्र प्रदेशांत एका बड्या कंपनीचे भाग बाजारांत मोठ्या गाजावाजानें विकले गेले आणि त्याच सुमारास कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊं लागल्या. ऑक्टोबरांत वटहुकूम निघाला, वसुली बंद पडली, लाखों लोकांनीं हप्ते भरणें सोडलें. एका अर्थीं तो रोख्यांच्या होळीचाच दिवस. पण पुढें संशोधकांनीं पाहिलें कीं, त्या धक्क्यानें आंध्राबाहेरच्या ज्या जिल्ह्यांत कंपन्यांचा पैसा आटला, तेथें रोजंदारीचे दरही घसरले. कर्ज जसें दुखवितें तसें कर्जाचें एकाएकीं नाहींसें होणेंही दुखवितें. २०२२ च्या नियमांनीं रिझर्व्ह बँकेनें व्याजावरील मर्यादा काढली, परंतु खरा दर कागदावर दाखविणें भाग पाडलें आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊं नयेत असें ठरविलें. नियम चांगला, पण ज्याच्या उत्पन्नाला पावसाखेरीज दुसरा साक्षीदार नाहीं त्याचें निम्में मोजावयाचें कोणी? २०२५ सालीं कर्नाटकास जबरीच्या वसुलीविरुद्ध पुन्हा वटहुकूम काढावा लागला, यावरून काय तें समजावें.

गांवाचा विकास केवळ कर्जानें होईल ही अपेक्षाही आतां सोडलेली बरी. शेळीसाठीं पैसा मिळेल. चारा, पाणी, गुरांचा डॉक्टर आणि बाजाराचा रस्ता कर्जाऊ मिळत नाहीं. एका वाडींत दहा बायांनीं किराण्याचीं दहा दुकानें काढलीं तर गिऱ्हाईक तेवढेंच राहतें. आणि प्रत्येक गरीब बाईनें उद्योजक व्हावें असा आग्रह तरी कां? उद्योजकतेवर व्याख्यानें देणारे आम्ही प्राध्यापक स्वतः पहिल्या तारखेचा पगार सोडण्यास तयार नसतों. मावशींनाही वर्षभराचें निश्चित काम आणि मोफत दवाखाना मिळाला, तर तीनपैकीं दोन कंपन्यांस त्या उद्यांच रामराम म्हणतील.

तरीही लहान कर्जाची गरज उरेलच. आणि तें कर्ज चांगलें कीं वाईट हें ठरविण्याची आमची कसोटी परतफेडीच्या टक्केवारीची नाहीं. सुप्याच्या कुणब्यानेंही दंग्यापूर्वीं अनेक वर्षें इमानानें फेडच केली होती. शेवटचा हप्ता भरल्यावर गटांतल्या दोघी शेजारणी एकमेकींकडे मीठमिरची मागावयास पूर्वीसारख्या जातात काय, हें पाहावें. जात असतील तर तें कर्ज गांवाला पचलें. जात नसतील, तर पैसा परत आला असला तरी तारण बुडालें.

आणि हें तारण कोणाच्या तिजोरींत बुडालें, हेंही आपण सुशिक्षितांनीं विचारावें. आमची मुदतठेव बँकेंत, बँकेचें कर्ज कंपनीला, कंपनीचें कर्ज मावशींना, अशी ती सांखळी आहे. आणि तिच्या एका टोकाला आम्ही, आमचे पुष्कळसे वाचक, डोळ्यांवर चष्मा लावून पासबुकांतील व्याज तपासीत बसलेले असतों. आपला सावकार हा इतिहासांत जळून गेला अशी समजूत करून घेण्यास मग फारशी जागा राहत नाहीं.